अंदमानची कोठडी आणि आपल्या गावचा तुरुंग

काशी, गया, रामेश्वर ही आपली जुनी क्षेत्रे होत. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांत आणखी एका क्षेत्राची भर पडली आहे. ते म्हणजे अंदमान बेटांतील पोर्ट ब्लेअर येथील सेल्युलर जेल. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी हे कारागृह राष्ट्रीय स्मारक म्हणून देशास अर्पण करण्यात आले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबे मोठ्या भक्तिभावाने तेथे जाऊ लागली आहेत. ज्या बेटांचे नुसते नाव निघाले तरी आपल्या पणज्या 'काळे पाणी' म्हणून कानांवर हात ठेवीत, त्याच बेटांवर त्यांची पणतवंडे मुलाबाळांसह आपण होऊन जातात, हा कालमहिमाच म्हणावयाचा. आम्हीही गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब ही यात्रा केली. तिचे वर्णन करावे, आणि ते करिता करिता ह्या यात्रेचे जे एक अंग बहुधा अपुरे राहून जाते, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

अंदमानास जाण्यास चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टण येथून आगबोटी मिळतात. परंतु त्यांस दोन-तीन दिवस लागतात. आमच्या मंडळींत सत्त्याहत्तर वर्षांच्या काकूंपासून इयत्ता चौथीतील चिरंजिवांपर्यंत लहानमोठी अकरा माणसे असल्याने आम्ही विमानाचा मार्ग पत्करिला. चेन्नई सोडल्यावर दोन-अडीच तासांत निळ्या समुद्रात हिरवीगार बेटे दिसू लागली. सृष्टिसौंदर्याच्या दृष्टीने इतके रमणीय स्थळ शिक्षेसाठी निवडले गेले असेल, असे वरून पाहणाऱ्यास स्वप्नातही वाटणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ह्या शहराचे नाव श्री विजयपुरम असे ठेविले. तथापि लोकांच्या तोंडी अद्याप जुनेच नाव अधिक ऐकू येते.

शहर टेकड्यांच्या चढउतारावर वसलेले आहे. अबर्डीन बाजारात हिंडताना बंगाली, तमिळ, तेलुगु अशा अनेक भाषा कानी पडतात. मात्र परस्परांत सारे हिंदी बोलतात. येथे 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखला जाणारा एक समाज आहे. तो बहुतांशी जन्मठेपीच्या जुन्या बंदिवानांचा वंशज होय. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर नावाच्या अधिकाऱ्याने दोनशे बंदिवानांसह येथे पाऊल ठेविले, आणि ह्या वसाहतीचा आरंभ झाला. म्हणजे सेल्युलर जेल उभे राहण्यापूर्वी चार दशके हे संपूर्ण बेटच तुरुंग होते. भिंतींचे काम समुद्र करीत असे.

कारागृह समुद्राकाठच्या एका उंचवट्यावर आहे. १८९६ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १९०६ साली संपले. विटा ब्रह्मदेशातून आणिल्या. राबणारे हात मात्र बंदिवानांचेच होते. मध्यभागी एक मनोरा, आणि चाकाच्या तुंब्यापासून जशा आऱ्या निघाव्यात तशा त्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात तिमजली इमारती, अशी त्याची रचना होती. मराठी माणूस ह्या इमारतींस 'चाळी' म्हणतो, आणि दुरून पाहता त्या गिरगावातल्या चाळींसारख्या दिसतातही: एका बाजूस लांबच लांब व्हरांडा, आणि त्यावर ओळीने उघडणारी दारे. परंतु साम्य तेथेच संपते. आपल्या चाळीत एका खोलीत आठ माणसे राहतात, आणि एका घरच्या फोडणीचा वास दहा घरी जातो. येथे सुमारे सातशे कोठड्या, आणि प्रत्येकीत एकच माणूस. दोघांनी एकत्र राहावे अशी जागा त्या सबंध वास्तूत योजिलेलीच नव्हती. कारागृहाच्या नावाचा अर्थही तोच, कोठड्यांचा तुरुंग.

आज सातांपैकी तीनच चाळी शिल्लक आहेत. काही १९४१ चा भूकंप व त्यामागून आलेला जपानी अंमल ह्यांत नष्ट झाल्या, काही स्वातंत्र्यानंतर पाडण्यात आल्या. जुन्या राजबंद्यांनी हरकत घेतली म्हणून उरलेल्या वाचल्या. पाडलेल्या भागात आता गोविंद वल्लभ पंत ह्यांच्या नावाचे रुग्णालय उभे आहे.

कोठडीत शिरून पाहिल्यावाचून ह्या रचनेचे मर्म कळत नाही. लांबी चौदा फुटांच्या आतबाहेर, रुंदी आठ फुटांच्या आतबाहेर, मागच्या भिंतीत हात पोहोचणार नाही अशा उंचीवर एक झरोका, आणि पुढे गजांचे दार. दाराची कडी बाहेर भिंतीतल्या एका खाचेत दूरवर नेऊन बसविली आहे, जेणेकरून आतल्या माणसाने गजांतून हात कितीही ताणला तरी तो तेथवर जाऊ नये. दारात उभे राहिले असता समोर काय दिसते? पुढल्या चाळीची पाठ. प्रत्येक चाळीचे तोंड दुसऱ्या चाळीच्या पाठीकडे येईल, असा आराखडा मुद्दाम केलेला आहे. शेकडो माणसे एका आवारात राहत, परंतु कोणास कोणाचा चेहरा दिसत नसे. इमारती ऊन, पाऊस, चोर, श्वापदे ह्यांपासून संरक्षण व्हावे म्हणून बांधतात, असा आपला समज असतो. माणसाला माणूस दिसू नये म्हणून बांधलेली वास्तू पाहणे हा निराळाच अनुभव होय.

आमच्या काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मार्गदर्शक गृहस्थांस विचारले, "रात्री-बेरात्री कोणाच्या पोटात दुखू लागले, तर त्याने हाक कोणाला मारायची हो?" पहारेकरी व्हरांड्यातून फेऱ्या घालीत असे, एवढे उत्तर त्या गृहस्थांनी दिले. त्याने काकूंचे समाधान झाले नाही. ज्या बाईने सासरच्या वीस-बावीस माणसांच्या घरात आजारी माणसाच्या उशाशी रात्री जागविल्या, तिला त्या कोठडीत प्रथम दिसले ते हे. आम्हांस हा प्रश्न पुढे कायद्याच्या पुस्तकातही भेटला. त्याविषयी पुढे येईलच.

विनायक दामोदर सावरकर ह्यांची कोठडी सातव्या चाळीत, सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ४ जुलै १९११ रोजी ते येथे आले, आणि पहिले सहा महिने त्यांस एकांतवासात ठेवण्यात आले. १९२७ साली प्रसिद्ध झालेले 'माझी जन्मठेप' हे त्यांचे पुस्तक आपल्या बहुतेक घरांत आहे. त्यामुळे काथ्या कुटणे, कोलूला जुंपून खोबरेल गाळणे, खड्या बेड्या ह्या गोष्टी येथे पुन्हा सांगावयास नकोत. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हे त्यांच्या आधीपासून ह्याच कारागृहात होते, परंतु दोघा सख्ख्या भावांस बराच काळपर्यंत एकमेकांचे दर्शनही घडले नाही. एका भिंतीआड भाऊ, आणि त्याची खबर नाही, ही शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नव्हती. ती वास्तूने दिली.

एकांतवासाची शिक्षा जो कोठडीत असतो त्यालाच होते, असेही नाही. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ साली पतीचे पुन्हा दर्शन न होताच निवर्तल्या. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस हे निराळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. माणूस हा घराच्या नात्यांनी विणलेला असतो. त्यातला एक धागा ओढून काढला म्हणजे वीण दोन्हीकडून उसवते.

ह्या कोठड्यांनी सर्वांचे धैर्य सारखे राखिले नाही. इंदुभूषण रॉय ह्यांनी १९१२ साली कोठडीतच गळफास लावून घेतला. अलीपूर बाँब खटल्यातील उल्हासकर दत्त ह्यांच्या बुद्धीस त्याच वर्षी भ्रम झाला, आणि त्यांस पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे लागले. १९३३ च्या उपोषणात महावीरसिंग, मोहन किशोर नमदास व मोहित मोइत्र हे तिघे मृत्यू पावले. हे काही दुबळ्या मनाचे लोक नव्हते. ज्यांनी मरणाची तयारी ठेवून घर सोडिले होते, अशांची मने जर येथे मोडली, तर दोष मनांचा नसून जागेचा होता, हे उघड आहे.

अशी जागा बांधण्याची कल्पना मुळात निघाली कोठून? आश्चर्य असे की तिचे मूळ दयेत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी क्वेकर पंथाच्या प्रभावाखालील काही सज्जनांस त्या काळच्या तुरुंगांतील गर्दी, मारहाण व दुराचार पाहवेना. त्यांनी असे मानिले की, गुन्हेगारास एकट्यास शांत ठेविले, जवळ धर्मग्रंथ दिला, तर त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल. त्यांच्या खटपटीने १८२९ साली तेथे जॉन हॅविलंड ह्या वास्तुकाराने आखलेले एक भव्य कारागृह सुरू झाले. त्याचीही मूळ योजना मधल्या केंद्रापासून निघणाऱ्या सात इमारतींचीच होती. बंद्यास कोठडीबाहेर काढावयाचे तर त्याच्या तोंडावर बुरखा घालीत. १८४२ साली प्रसिद्ध आंग्ल कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तो तुरुंग पाहून आला, आणि स्थापकांचा हेतू चांगला असल्याचे मान्य करूनही त्याने त्या पद्धतीचा कडक निषेध केला. पुढे १८९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नमूद केले की, अशा एकांतवासाने अनेक बंदी अर्धवट झाले, कित्येकांस वेड लागले आणि काहींनी आत्महत्या केली.

आता त्याच १८९० साली आपल्याकडे काय घडत होते, ते पाहावे. लायल व लेथब्रिज ह्या दोन अधिकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरची पाहणी करून असा अभिप्राय दिला की, अंदमानची जरब पुरेशी राहिली नाही. गुन्हेगारांस हिंदुस्थानातील तुरुंगांपेक्षा हे बेट बरे वाटते. सबब येथे येणाऱ्या प्रत्येकास आरंभी काही काळ कठोर अवस्थेतून जावे लागेल अशी व्यवस्था करावी. त्या विचारातून सेल्युलर जेल निर्माण झाले. जी गोष्ट पश्चात्तापाचे साधन म्हणून निघाली आणि तिच्या जन्मभूमीतच अपायकारक ठरली, ती येथे निव्वळ यातनेचे साधन म्हणून, गुण-दोष जाणून, स्वीकारण्यात आली. पुढे १९१९-२० च्या तुरुंग समितीने बंद्याची सुधारणा हेच कारागृहाचे ध्येय असावे असे मत दिले, व अंदमानास बंदी पाठविणे बंद करण्याचीही शिफारस केली. तरी १९३२ पासून राजबंद्यांची पाठवणी पुन्हा सुरू झालीच.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, एकांतास आपल्या परंपरेत मोठे महत्त्व आहे. ऋषिमुनींनी अरण्यात, साधुसंतांनी डोंगरावर जाऊन एकांत सेविला, मग त्याने माणसाचा नाश कसा होईल? आक्षेप वरवर बरोबर वाटतो. परंतु साधूच्या गुहेस दार असलेच तर त्याची कडी आतून असते. त्याला वाटेल तेव्हा तो गावात येतो, भिक्षा मागतो, दोन शब्द बोलतो. सेल्युलर जेलमध्ये कडी बाहेरून, आणि तीही हात पोहोचणार नाही अशा खाचेत. एकांत आणि एकांतवास ह्या दोन शब्दांतले अंतर त्या खाचेत हात घालून मोजता येते.

मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावे प्रांतवार कोरलेली आहेत. बंगालची यादी फार मोठी, पंजाबची मोठी. महाराष्ट्राची नावे शोधून मुलांनी ती मोठ्याने वाचली. ह्या नावांपुढे माथा लवविणे हे आपले कर्तव्यच होय. तथापि एक गोष्ट तेथे उभे असताना ध्यानात येते. ह्या कोठड्यांतून राहिलेल्यांपैकी बहुसंख्य लोक राजबंदी नव्हते. ते साधे जन्मठेपीचे कैदी होते: कोणी दरोडेखोर, कोणी रागाच्या भरात खून केलेला, आणि खास कोणी निरपराधही. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत, आणि ती असावीत असा आमचा आग्रहही नाही. परंतु झरोका त्यांच्यासाठीही तेवढ्याच उंचीवर होता. कोलू त्यांनीही ओढिला. आणि घरी त्यांची वाट पाहणारेही कोणी असेलच.

येथेच आमच्या मते ह्या यात्रेचा खरा प्रश्न आहे. देशभक्ताला कोठडीत एकटा कोंडिला हे जर पाप होते, तर ते केवळ तो देशभक्त होता म्हणून, की तो माणूस होता म्हणून? पहिले उत्तर दिले, तर दर्शन घेऊन, छायाचित्रे काढून परत यावे, काम संपले. दुसरे उत्तर दिले, तर मात्र आपणांस आज आपल्या गावच्या तुरुंगाकडे पाहणे भाग पडते.

एकांतवास हा इंग्रजी अमलाबरोबर गेला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७३ व ७४ अन्वये न्यायालयास सक्तमजुरीच्या शिक्षेचा काही भाग एकांतवासात भोगावयास लावता येत असे. एकूण मर्यादा तीन महिन्यांची, आणि सलग चौदा दिवसांहून अधिक नाही. १९७१ साली विधी आयोगाने आपल्या ४२ व्या अहवालात ही शिक्षा काढून टाकावी असे सुचविले. तरीही ती राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. जुन्या संहितेतील अनेक गोष्टी तिने बदलल्या, परंतु एकांतवास मात्र कलम ११ व १२ म्हणून जवळजवळ जशाच्या तसा उचलून ठेविला. ज्या देशाने सेल्युलर जेलला स्मारक म्हणून मान दिला, त्याच देशाच्या कायद्यात कोठडीस अजून जागा आहे.

न्यायालयांनी मात्र ह्या बाबतीत पुष्कळ केले आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुनील बत्रा नावाच्या फाशीच्या कैद्यास एकटे ठेविले होते. त्याच्या अर्जावर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला की, फाशीची शिक्षा सर्व अपिले व दयेचे अर्ज संपून अखेरची ठरेपर्यंत बंद्यास असे वेगळे काढता येत नाही, आणि एकांतवास ही निराळी शिक्षा असल्याने ती तुरुंगाधिकाऱ्यास आपल्या अखत्यारीत देता येत नाही. पुढे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. ह्याच बत्राने पुढे एका सहबंद्यास वॉर्डराने केलेल्या क्रूर मारहाणीविषयी न्यायमूर्तींस पत्र लिहिले. ते पत्रच अर्ज मानून न्यायालयाने डिसेंबर १९७९ मध्ये बंद्यांच्या छळाविरुद्ध दुसरा महत्त्वाचा निर्णय दिला. एका फाशीच्या कैद्यास शेजारच्याचे दुःख ऐकू आले, म्हणून देशातील सर्व बंद्यांस संरक्षण मिळाले. जो एकटा कोंडिला आहे, त्यास कोणाचे दुःख ऐकू येणार?

काकूंच्या प्रश्नाचे उत्तरही कायद्यात आहे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम २९ नुसार एकांतवासाच्या कोठडीतून बंद्यास केव्हाही अधिकाऱ्याशी संपर्क साधता यावा असे साधन तेथे असलेच पाहिजे, आणि चोवीस तासांहून अधिक काळ कोंडलेल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याने दिवसातून एकदा तरी पाहिलेच पाहिजे. म्हणजे परक्या सरकारासही ही हाक ऐकण्याची गरज कागदावर तरी मान्य होती.

काही बंदी खरोखरच धोकादायक असतात. त्यांस इतरांपासून दूर ठेवावे लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दूर ठेवणे वेगळे आणि मनुष्याच्या शब्दावाचून ठेवणे वेगळे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली नेल्सन मंडेला ह्यांच्या नावाने जे नियम संमत केले, त्यांत दिवसातून बावीस तास वा अधिक काळ माणसाच्या अर्थपूर्ण सहवासाशिवाय कोंडणे ह्यासच एकांतवास म्हटले आहे, आणि तो सलग पंधरा दिवसांपलीकडे नेण्यास मनाई केली आहे. ही व्याख्या उपयोगी आहे, कारण ती नावाकडे न पाहता तासांकडे पाहते. येरवड्याचा वा आर्थर रोडचा 'अंडा सेल' हा शब्द वर्तमानपत्रांमुळे आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. अशा अतिसुरक्षेच्या कोठड्यांस कायद्याच्या भाषेत कोणतेही नाव द्यावे. तेथला माणूस दिवसातून किती तास दुसऱ्या माणसाशी बोलू शकतो, हा प्रश्न विचारला म्हणजे नावाचा पडदा गळून पडतो.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. पोर्ट ब्लेअरचा आजचा जिल्हा तुरुंग प्रोथ्रापूर भागात आहे. यात्रेकरूंच्या मोटारी तिकडे वळत नाहीत, आणि वळण्याचे कारणही नसते. आपापल्या जिल्ह्याच्या गावी आपण तेच करितो. तुरुंगाची भिंत बाजाराच्या रस्त्यावर असली, तरी तिच्याकडे पाहावयाचे नाही, अशी जणू आपल्या नजरेस सवय असते. भिंतीआड काय आहे, ते सरकारी आकडेच सांगतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांची सोय ४,३६,२६६ माणसांची होती, आणि आत ५,७३,२२० माणसे होती. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस! ही सर्व देशाची सरासरी झाली. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत सोय मर्यादित असून तेथे वर्षानुवर्षे तिच्या तिप्पट-चौपट माणसे राहत आली आहेत. तेथे झोपावयाचे तर कूस बदलण्यासही शेजाऱ्याची संमती लागावी अशी स्थिती होते. संडास, पाणी, औषधपाणी ह्या सर्वांवर त्याचा काय परिणाम होत असेल, त्याची कल्पना ज्यांनी घरी लग्नकार्याचे चार दिवस काढिले आहेत त्यांस सहज करिता येईल. मात्र लग्नकार्य चार दिवसांत आटोपते.

त्या पावणेसहा लाख माणसांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. ह्यांतील पुष्कळांस जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आतच राहतात. १९७९ साली हुसैनारा खातून ह्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात बिहारातील असे बंदी उजेडात आले की, ज्यांचा कच्च्या कैदेचा काळ त्यांच्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेहूनही अधिक झाला होता. आता कायद्याने कमाल शिक्षेच्या अर्ध्या मुदतीनंतर, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यास एकतृतीयांश मुदतीनंतर, काही अपवाद वगळून सुटकेची तरतूद केली आहे. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली साहाय्याची योजनाही काढिली. परंतु बंद्याच्या वतीने अर्ज करणारा कोणी तरी असावा लागतो. शेकडोंच्या गर्दीतही ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही, तो एका अर्थी एकांतवासातच असतो.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपुढे स्पष्ट मांडिली पाहिजे. अनेक प्रांतांच्या तुरुंग-नियमावल्यांत आजवर स्वयंपाकाचे काम अमुक जातींस व झाडू-संडासाचे काम तमुक जातींस, अशी वाटणी चालत आली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता ह्यांच्या अर्जावर असे सर्व नियम घटनाबाह्य ठरविले, व बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढण्यास सांगितले. तुरुंगाच्या दारी माणसाचे सर्व काही काढून घेतात. त्याची जात तेवढी त्याच्यापाशी राहू देत, आणि तीही त्याला राबविण्यासाठी. ज्या घरांत विद्येचा अभिमान आहे, त्यांनी हा निर्णय मुलांस वाचून दाखवावा.

हे सर्व वाचून मन खिन्न होईल. म्हणून आपल्याच मातीतील एक दुसरे स्थळ सांगतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या राज्यात, मॉरिस फ्रिडमन ह्या पोलंडच्या सद्गृहस्थाच्या प्रेरणेने, ती निघाली. तेथे गजांची कोठडी नाही. बंदी शेती करितात, आणि कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम ह्यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाचे बीज येथलेच, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हेही त्याच मुलखातले. लायल-लेथब्रिज ह्यांनी माणसावर जरब बसविण्यासाठी त्याला माणसांपासून तोडले. औंधच्या एका लहानशा संस्थानाने त्याला बायकामुलांच्या हाती सोपविले. दोन्ही प्रयोग झालेले आहेत, आणि दोहोंचे फळ पाहावयास मिळते.

मग घरबसल्या आपण काय करावे? तुरुंगांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात सरकारी अधिकाऱ्यांखेरीज बाहेरचे नागरिकही अभ्यागत म्हणून नेमता येतात. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत, त्यांनी गेल्या वर्षी किती वेळा तुरुंग पाहिला, हे विचारण्याचा नागरिकास हक्क आहे. ज्यांच्या घरी वकील आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस विधी सेवा प्राधिकरणास द्यावा. ज्यांच्या घरी वाचून झालेली मासिके व पुस्तके साठतात, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी तुरुंगाच्या ग्रंथालयाची गरज विचारावी. कारागृहे हा राज्याचा विषय आहे, तेव्हा आमदारांस जागा, पाणी व डॉक्टर ह्यांविषयी लिहावे. दंडाची संहिता पार्लमेंटाची आहे, तेव्हा खासदारांस कलम ११ व १२ विषयी लिहावे. दहा घरांतून दहा पत्रे गेली, तरी ती वाचली जातात.

आणि जे अंदमानास जाणार असतील त्यांनी अवश्य जावे. सातव्या चाळीचा जिना चढावा, मनोऱ्यातील नावे वाचावीत, मुलांस त्या भिंतीतली खाच दाखवावी. मग घरी परतल्यावर प्रवासाच्या गोष्टी निघतील, तेव्हा ज्या रस्त्याने आपण रोज मंडईस जातो त्या रस्त्यावरच्या उंच भिंतीविषयीही एक प्रश्न घरात विचारिला जावा: आत रात्री कोणी हाक मारली, तर ती कोणास ऐकू जाते?